पुढचं पुस्तक प्रकाशकाला देण्याआधी

हस्तलिखित पूर्ण, युनिकोडमध्ये, एका फाइलमध्ये. हे तुम्ही करालच. मुद्रितशोधन मात्र दुसऱ्याकडून करून घ्या, आपल्या चुकांवरून आपली नजर सरकून जाते.

आता करार. मागच्या पुस्तकाच्या करारात ‘सर्व स्वरूपांतील हक्क’ अशी एक ओळ होती. मी रॉयल्टीचा टक्का पाहिला आणि सही केली. छापील आवृत्ती संपली. प्रकाशकांनी ना ई-बुक काढलं, ना ऑडिओबुक, आणि मला काढायचं तर हक्क माझ्याकडे नव्हते. पुस्तक अजून तिथेच अडकून आहे. म्हणून करार हातात आला की हक्क परत मिळण्याचं कलम आधी शोधा. नसेल तर घालायला लावा. छापील, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट हे हक्क एकेक करून वेगळे लिहिलेले हवेत, आणि ठरल्या मुदतीत वापरला नाही तर तो हक्क लेखकाकडे परत, हेही प्रत्येकापुढे हवं.

‘आवृत्ती संपल्यावर हक्क परत’ एवढ्यावर समाधान मानू नका! पूर्वी छापलेल्या प्रती संपल्या की पुस्तक बाजारातून जायचं, तेव्हा हे पुरत होतं. आता मागणी आली की एकच प्रतसुद्धा छापता येते आणि ई-बुक तर कधी संपतच नाही. वर्षाला दोन प्रती खपल्या तरी पुस्तक ‘उपलब्ध’ म्हणवता येतं आणि हक्क तिकडेच राहतात. त्यामुळे आकडा लिहून घ्या. सलग 12 महिन्यांत विक्री अमुक प्रतींच्या खाली गेली, की लेखी मागणीवर हक्क परत. आकडा किती ते बोलून ठरवा, पण तो कागदावर हवा. तुमचा मजकूर एआयला शिकवण्यासाठी द्यायचा की नाही, तेही स्पष्ट लिहून घ्या.

स्वतः प्रकाशित करणार असाल तरी अटी वाचायच्याच आहेत. अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर ई-बुक काढताना त्यांच्या सिलेक्ट योजनेत गेलात की 90 दिवस ते ई-बुक दुसरीकडे विकता येत नाही, आणि मुदत आपोआप वाढत राहते. ती आपोआप वाढ आधीच बंद करून ठेवा. तिथे छापील पुस्तकाला फुकट मिळणारा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, इतरत्र चालत नाही. ई-बुकची मूळ ईपब फाइल स्वतःजवळ ठेवा. मुखपृष्ठही, चित्रकाराच्या लेखी परवानगीसह, नाहीतर हक्क परत आले तरी पुस्तक जुन्या रूपात काढता येणार नाही.

वाचकांचे ईमेल पत्ते आत्तापासून, त्यांच्या संमतीने, जमवा. सोशल मीडियावरचं खातं गेलं की फॉलोअरही त्याच्याबरोबर जातात. मुखपृष्ठ फोनवर अंगठ्याएवढं करून पाहा. मलपृष्ठाचा मजकूर, किंमत, तारीख नंतर.

सहीच्या दिवशी अंतिम प्रत पहिल्या पानापासून वाचा. मसुद्यात घातलेलं हक्क परतीचं कलम तिच्यात आहे का ते बघा. नसेल तर त्या दिवशी सही करू नका.