खान्देशात पाऊस कमी, तरी पन्हळ आणि पाइप मोठा का घ्यायचा, आणि त्याचं माप कसं काढायचं

आपल्याकडे घर बांधताना पन्हळीचा, म्हणजे छताच्या कडेला पाणी झेलणाऱ्या नाळीचा, आणि ते पाणी खाली आणणाऱ्या उभ्या पाइपाचा विषय सगळ्यात शेवटी निघतो, आणि निघाला की दुकानातून अडीच इंची पाइप आणून मोकळे होतात, कारण "आपल्याकडे पाऊसच कुठे पडतो भाऊ". जळगावला वर्षाचा पाऊस साधारण ७०० मिमीच्या आसपास, धुळ्याला त्याहून कमी, हे खरंच आहे, पण पाइपाला वर्षभराचा पाऊस एकदम वाहायचा नसतो, त्याला वाहायची असते ती एक जोरदार सर, जी अर्ध्या तासात अंगणात तळं करून जाते. त्या सरीत पाइप पुरला नाही तर पाणी भिंतीवरून उतरतं आणि घराच्या पायात मुरतं. म्हणून हिशोबाला तासाला १०० मिमीचा जोर धरायचा, मग तुमचं गाव कितीही कोरडं असू द्या.

आधी छत मोजा. पत्रा उताराच्या अंगाने मोजायचा नाही, खाली जमिनीवर तो किती जागा झाकतो तेवढंच मोजायचं, वळचणीसकट. दोन्ही बाजूंना उतार असेल तर प्रत्येक बाजू वेगळी धरा. आणि पाऊस वाऱ्याबरोबर तिरपा येतो, तेव्हा आढ्यापासून वळचणीपर्यंत पत्रा जितका खाली येतो त्याच्या निम्मं त्या बाजूच्या रुंदीत मिळवा. समजा घर २० बाय ३० चं आहे, एका बाजूची रुंदी १० फूट, पत्रा २ फूट खाली येतो, तर १० अधिक १ म्हणजे ११, गुणिले ३०, झाले ३३० चौरस फूट, म्हणजे साधारण ३१ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर, त्यामुळे तासाला ३,१०० लिटर, मिनिटाला पन्नासच्या वर लिटर. १५ लिटरच्या तीन बादल्या भरून वर उरेल इतकं पाणी, दर मिनिटाला, आणि तेही फक्त एका बाजूचं!

आता पाइप. या जोराला ७५ मिमीचा (दुकानातला अडीच इंची) उभा पाइप साधारण २२० चौरस फुटांचं छत सांभाळतो, १०० चा ४६० च्या आसपास, १२५ चा ८६० पर्यंत. आपल्या ३३० फुटांना अडीच इंची पुरत नाही हे इथंच कळतं, चार इंची घ्या, दुकानात तो ११० चा म्हणून मिळतो (हे बाहेरचं माप, आतून शंभरच्या थोडा वर असतो). दोन अडीच इंची लावूनही हिशोब जमतो, पण निंबाचा पाला आणि उन्हाळाभर साचलेली धूळ बारीक पाइपातच आधी अडकते, म्हणून माझं मत एकच चार इंची आणि तोंडाला जाळी. स्लॅब असेल तरी हाच हिशोब, हजार फुटांच्या स्लॅबला चार इंची तीन लागतात, एका कोपऱ्यात एक पाइप देऊन भागत नाही.

पन्हळीला सोपा नियम आहे, छताच्या दर चौरस मीटरला पन्हळीच्या आतल्या छेदाचा (पन्हळ आडवी कापली तर पाण्याला मिळते त्या जागेचा) निदान एक चौरस सेंटिमीटर. ११० चा पाइप उभा चिरून केलेली पन्हळ साधारण ४० चौरस सेंटिमीटर भरते, १६० ची ९० च्या आसपास. ३१ ला ४० पुरतं खरं, तरी मी १६० चीच घ्या म्हणेन, कारण निम्मी पन्हळ पाल्याने भरली तरी पाणी चालू राहतं. पत्रेवाल्याकडून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याची वाकवून घेतली तरी चालेल.

बसवताना १० फुटाला एक इंच ढाळ पाइपाच्या दिशेने, पाण्याची लेव्हल नळी लावूनच, अंदाजाने नको. दर दोन फुटाला क्लॅम्प. पन्हळीची बाहेरची कड भिंतीकडच्या कडेपेक्षा जराशी खाली ठेवा म्हणजे भरून वाहिली तर पाणी अंगणात पडेल, भिंतीत जाणार नाही. ४० फुटांपेक्षा लांब असेल तर मध्ये उंच ठेवून दोन्ही टोकांना पाइप द्या.

आणि भुसावळकडचं ऊन विसरू नका. पीव्हीसी तापलं की वाढतं, २० फुटी तुकडा ३० अंशांच्या फरकाने सेंटिमीटरभर लांबतो, सगळे जोड सोल्युशनने घट्ट चिकटवले तर मे महिन्यात पन्हळ वाकते नाहीतर जोड सुटतो. एखादा तरी जोड रबर रिंगचा ठेवा, क्लॅम्पही फार आवळू नका.

पाइप खाली जमिनीला टेकवून सोडून देऊ नका, आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि पायाला तडे तिथूनच जातात, तेव्हा खाली बेंड लावून पाणी पायापासून चार-पाच फूट तरी लांब न्या. बोअर किंवा विहीर असेल तर वाळू-खडीच्या फिल्टरमधून तिकडे वळवा, पहिल्या सरीचं धुळीचं पाणी मात्र बाहेरच जाऊ द्या.

सगळं झालं की मृगाच्या आधी पन्हळीच्या उंच टोकाला मिनिटाभरात तीन-चार बादल्या ओता. कुठे पाणी थांबलं तर तिथला क्लॅम्प वर-खाली करून पुन्हा ओता.