इसार दिला आणि सौदा फिसकटला? या चुका टाळा

आपल्याकडे वावराचा सौदा बहुधा इसारचिठ्ठीवर होतो आणि उरलेली रक्कम कापूस-सोयाबीन विकेल तशी हप्त्यानं जाते. मधेच जास्त देणारा भेटला की विकणारा खरेदीखताला टाळाटाळ करतो. पैसे बुडाले असं धरून बसू नका. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५(६)(ख) नुसार, ताबा मिळण्याआधी दिलेल्या किमतीचा व्याजासह बोजा, म्हणजे त्या जमिनीतून पैसे वसूल करायचा हक्क, त्याच जमिनीवर असतो. नुसत्या करारानं तो बसत नाही, पैसे दिल्यानं बसतो. म्हणून सगळा खेळ पुराव्याचा.

तिथंच घोळ होतो. चिठ्ठीच्या मागं ‘दिवाळीला ५० हजार दिले’ एवढंच लिहिलेलं, सही जमीन विकत घेणाऱ्याचीच! सही पैसे घेणाऱ्या जमीनमालकाची हवी, तारखेसह. त्याहून बरं म्हणजे रक्कम बँकेतूनच द्या.

दुसरी चूक महागात पडते. दाव्यात फक्त ‘खरेदीखत करून द्या’ एवढंच मागतात. न्यायालयानं ते नाकारलं, तर इसार परत देण्याचा हुकूम आपोआप होत नाही. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम २२ नुसार तशी मागणी दाव्यात असावी लागते. ‘खरेदीखत नाही तर रक्कम, व्याज आणि जमिनीवर बोजा’ ही पर्यायी मागणी वकिलांकडून पहिल्याच दिवशी लिहून घ्या. राहिली असेल तर दावा चालू असताना दुरुस्ती मागता येते.

खरेदीखताच्या दाव्याला मुदत ३ वर्षांची, ठरलेल्या तारखेपासून. तारीख ठरली नसेल तर नकार कळल्यापासून. ती टळली म्हणून चिठ्ठी फाडू नका. बोजाच्या रकमेच्या दाव्याला, रक्कम देय झाल्यापासून १२ वर्षं असतात.

तलाठ्याकडे अर्ज दिला म्हणजे काम झालं, असंही नाही. बोजा वसूल करायला दिवाणी न्यायालयच गाठावं लागतं. नवा गिऱ्हाईक दिसताच त्याला वकिलाची नोटीस धाडा आणि पेपरात जाहीर नोटीस द्या. ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणायला त्याला जागा उरू नये.

आणि सातबारा आधी वाचा, इसार नंतर. बोजा विकणाऱ्याच्या हिश्श्यापुरताच असतो. वावर तीन भावांचं आणि चिठ्ठीवर सही एकाची, तर हाती तेवढाच तुकडा. सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीचं कर्ज असेल तर सोसायटीचा नंबर आधी.

तुम्हीच विनाकारण ताबा घ्यायला नकार दिलात, तर मात्र हे संरक्षण मिळत नाही.