मागचे पाटे उचलल्यावर गाडी थरथरते? आधी पिनियनचा कोन मोजा

हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारखी पिकअप मागून दोन इंच उचलली, की पुष्कळदा 70-80 च्या वेगाला सीटखालून घरघर सुरू होते आणि मालक चाकांचं बॅलन्सिंग करून करून थकतो. बहुतेक वेळा चाकं निर्दोष असतात. बिघडलेला असतो तो प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसचा, म्हणजे टोकाच्या वळत्या सांध्याचा, कोन.

क्रॉस कोनात फिरला की एका फेरीत शाफ्टचा वेग दोनदा कमी-जास्त होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असला तर ही चढउतार तिथेच जिरते. त्यासाठी पिनियनचा (शाफ्ट मागच्या ॲक्सलमधल्या ज्या गिअरला जोडतो त्याचा) आस समोरच्या आसाला समांतर हवा. शाफ्ट एकसंध असेल तर गिअरबॉक्सच्या आसाला, दोन तुकड्यांचा असेल तर सेंटर बेअरिंगच्या (मधल्या आधाराच्या) पुढच्या तुकड्याला. दोन्ही क्रॉसचे कोन 1 ते 3 अंश, आपसातला फरक 1 अंशाच्या आत. अगदी शून्य कोनही नको. क्रॉसमधल्या बारीक सुया मग फिरत नाहीत आणि कपात खाचा पाडतात. (गिअरबॉक्सकडे डबल क्रॉस असेल तर हे गणित सोडा, तिथे पिनियन थेट शाफ्टच्या रोखाने ठेवतात.)

मापं घ्यायची ती नट सोडण्याआधी. गाडी सपाट फरशीवर, वजन चारही चाकांवर. जॅकवर घेतलेलं माप फुकट, कारण हौसिंग (मागच्या ॲक्सलचं आवरण) लटकतं. चुंबकाचा डिजिटल अँगल गेज पुढचा फ्लँज (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात ती चकती), शाफ्ट आणि पिनियनचा फ्लँज यांवर लावून तिन्ही आकडे लिहून ठेवा. काम झाल्यावर पुन्हा घ्या.

उंचीसाठी पाटा आणि हौसिंगमध्ये सपाट ब्लॉक टाकला तर पिनियन फिरत नाही, पण शाफ्टचा उतार वाढतो. शाफ्टचा मागचा तुकडा 1200 मिमी असेल तर 50 मिमी उचलण्याने दोन्ही कोन साधारण 2.4 अंशांनी वाढतात. फरक तसाच राहतो. लांब शॅकल (पाट्याचं मागचं टोक चासीला टांगणारी कडी) मात्र खोडकर. एक इंच उंची मिळवायला शॅकल दोन इंच लांब करावा लागतो, पाट्याचं मागचं टोक खाली जातं आणि 52 इंची पाट्यावर पिनियनचं नाक 2 अंशांहून जास्त वर येतं.

इथे पाटा आणि हौसिंगमध्ये पाचर लागते. पाटा हौसिंगच्या वर असेल तर पाचरीची जाड बाजू पुढे ठेवली की पिनियन खाली जातं, मागे ठेवली की वर. हेच उलटं बसवून लोक दुप्पट त्रास ओढवून घेतात! पाचर लोखंडीच घ्या, ॲल्युमिनियमची चिरडते. पाट्यांच्या गाडीत वेग पकडताना हौसिंग पिळलं जाऊन पिनियन वर येतं, म्हणून समांतरपेक्षा 1 अंश खालीच ठेवा. पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं हौसिंगच्या खाचेत पूर्ण बसलं पाहिजे. पाचरीने जाडी वाढली तर लांब बोल्ट टाका. पाटा हौसिंगला आवळणारे यू-बोल्ट नवेच, आणि 500 किमीनंतर पुन्हा ताणून घ्या.

दोन तुकड्यांच्या शाफ्टला जागेवरून निघताना थडथड येत असेल तर सेंटर बेअरिंगची पट्टी आणि चासी यांच्यामध्ये 10 मिमीचा स्पेसर देऊन बेअरिंग खाली आणून बघा. मधल्या क्रॉसचा कोन उतरतो, पण गिअरबॉक्सकडचा थोडा वाढतो, म्हणून तोही मोजा. शाफ्ट काढण्याआधी फ्लँज आणि स्प्लाइनवर (शाफ्टच्या दातेरी जोडावर) रंगाची खूण करा. एक दात चुकला तरी दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत राहत नाहीत, मग कितीही पाचरी मारा.

ॲक्सिलरेटर दाबल्यावर थरथर, सोडल्यावर बंद: पिनियन फार वर. सोडल्यावरच येत असेल तर फार खाली. दोन्ही वेळा ठरावीक वेगाला येत असेल तर शाफ्टचा बॅलन्स किंवा चुकलेली खूण तपासा.