गॉल्फर्स एल्बो, पण गॉल्फ कुठाय?

अलिबागला क्लिनिक थाटलं तेव्हा 'गॉल्फर्स एल्बो'चा माझा पहिला पेशंट निघाला चौलच्या एका वाडीत नारळ सोलणारा. जमिनीत रोवलेल्या पहारीवर दिवसभर नारळ दाबून पिळायचे. मनगट आत वळवणारे सगळे स्नायू कोपराच्या आतल्या उंचवट्याला येऊन चिकटतात, दुखणं नेमकं तिथे. "गॉल्फ म्हणजे काय हो, डॉक्टर?" त्यांनी विचारलं. मीही तोवर तो टीव्हीवरच पाहिला होता.

आमच्या वेळी चार वर्षं बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, आणि सहा महिने इंटर्नशिप होती. तेवढ्यात नावं पाठ होतात. हालचाल बघायची नजर मात्र पेशंटच देतात.

मला ती एका निवृत्त साहेबांनी दिली. मुक्काम अलिबागला, गॉल्फ मात्र चेंबूरला. कंबर धरलेली. मी दहा दिवस शेक आणि अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा उपचार) देत बसलो, फरक शून्य. अकराव्या दिवशी वैतागून कोपऱ्यातली छत्री त्यांच्या हातात दिली नि म्हटलं, "मारून दाखवा." डावा पाय जमिनीत पुरल्यासारखा! पालथं झोपवून, गुडघा काटकोनात वाकवून पाऊल बाहेर सोडलं, तर डावा खुबा उजव्याच्या निम्माही वळेना. कंबरेच्या मणक्यांना मुळात फारसं वळता येत नाही. खुबा आणि पाठीचा वरचा भाग वळला नाही की तो पीळ त्यांच्यावर येतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा खुबा आधी तपासा. मी तो शेवटी तपासला आणि दहा दिवसांची फी घेतली, याची लाज अजून वाटते.

कोपराचं गणित वेगळं. पूर्ण आराम देऊ नका, पट्ट्यावर विसंबू नका. आधी तळहात वर ठेवून, मनगट न हलवता दाब धरायला लावा. दुखणं निवळलं की अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हातात देऊन मनगट दुसऱ्या हाताने वर उचलायचं आणि सावकाश खाली सोडायचं. तीन महिनेही लागतात, हे पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात पेशंट मालिशवाल्याकडे गेलेला असतो. करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर शीर (मज्जातंतू) तपासा. कंबरदुखीत पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर व्यायाम बाजूला ठेवून लगेच हॉस्पिटलला पाठवा.

साहेबांचा खुबा सुटला, तरी कंबर अधूनमधून धरायचीच. खोदून विचारलं तेव्हा कळलं: मांडव्याहून गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीने तासभर बसून, पुढे गाडीत बसून, उतरले की थेट सर्वांत लांबचा फटका! आता ते डेकवर उभे राहून खुबे आणि पाठ फिरवतात. बायको लांबच्या बाकावर जाऊन बसते, म्हणाले.