दोन लाकडांची टेबलजोडी: करवत लावण्याआधी

आधी सोफ्याचा हात मोजा. त्याच्या शेजारी उभं राहणारं टेबल हाताच्या उंचीइतकं किंवा दोन-तीन सेंटीमीटर खाली असावं. वर गेलं की कप ठेवताना दर वेळी कोपर उचलावं लागतं. बहुतेकदा हे माप ५५ ते ६० सेंटीमीटरच्या आसपास येतं. माथा ४५ बाय ४५ सेंटीमीटर, त्याची जाडी २० मिलिमीटर आणि पाय ४० मिलिमीटर चौकोनी धरले तर टेबल दणकट होतं आणि बोजडही दिसत नाही. तेवढ्या मापाचा पुठ्ठा कापून सोफ्याशेजारी दोन दिवस ठेवा. माप चुकलं असेल तर पुठ्ठा बदलता येतो, कापलेला पाय नाही.

मग लाकडं ठरवा. माझ्या मते दोन जाती पुरेत. तिसरी घातली की टेबल नमुन्यांच्या फळीसारखं दिसायला लागतं. आणि आजचा रंग बघून निवड करू नका. अक्रोडाचं लाकूड उजेडात हळूहळू फिकं पडतं, चेरी गडद होत जाते, पर्पलहार्टचा जांभळा रंग तपकिरीकडे झुकतो. तेव्हा दोन्ही लाकडांचे तुकडे अर्धे झाकून महिनाभर खिडकीत ठेवा आणि झाकण काढून दोन्ही अर्धे शेजारी शेजारी बघा. टेबल पुढे त्या उघड्या अर्ध्यासारखं दिसणार असतं.

लाकूड हिशेबापेक्षा पाव हिस्सा जास्त घ्या. गाठी, टोकाच्या चिरा, रंध्याखाली जाणारी जाडी यात ते बरोबर संपतं. दोन्ही माथे शक्यतो एकाच फळीतून निघावेत, नाहीतर जोडी जोडीसारखी दिसत नाही. घरात आणल्यावर फळ्या जिथे काम करणार तिथेच, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचा, म्हणजे चारही बाजूंनी हवा खेळेल. आर्द्रता मोजायचं यंत्र असेल तर दोन्ही जातींचा आकडा जवळपास सारखा येईपर्यंत थांबा. नसेल तर एक तुकडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर दोन-तीन दिवसांनी ठेवा आणि वजन त्याच्यावरच पेन्सिलीने लिहीत जा. आकडा उतरायचा थांबला की लाकूड खोलीच्या हवेला आलं.

आता मुख्य तयारी, आणि ती कागदावरच होते: दोन लाकडं एकमेकांना कुठे आणि कोणत्या दिशेने भेटणार? लाकूड हवेबरोबर रुंदीत फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. अक्रोडाच्या ४५ सेंटीमीटर रुंद माथ्यातली आर्द्रता चार टक्क्यांनी बदलली, तर तो सुमारे ५ मिलिमीटर हलतो. तेवढीच मेपलची रुंदी ६ मिलिमीटरच्या आसपास. दोन्हींच्या रेषा, म्हणजे लाकडाचे तंतू, एकाच दिशेने ठेवल्या तर फरक जेमतेम १ मिलिमीटरचा, तो खपून जातो. काटकोनात चिकटवल्या तर एक लाकूड ५ मिलिमीटर हलणार आणि दुसरं जागचं हलणार नाही. माझ्या पहिल्या जोडीत मी अक्रोडाच्या माथ्याभोवती मेपलची चौकट गमने पक्की केली होती, कोपरे ४५ अंशांत कापून. पहिल्याच कोरड्या ऋतूत चारही कोपरे उघडले, नख शिरेल इतके. म्हणून चौकटीचा मोह सोडा, दुसऱ्या लाकडाच्या पट्ट्या माथ्याच्या रेषांच्या दिशेने घाला आणि माथा खालच्या, पाय जोडणाऱ्या आडव्या पट्ट्यांना गमने चिकटवू नका. त्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला खाचा पाडून छोट्या लाकडी ठोकळ्यांनी माथा धरून ठेवा, म्हणजे तो सरकू शकेल.

हत्यारांचं फार सांगायला नको: रंधा, दोन पटाश्या, बारीक दातांची करवत, गुण्या, मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ ओढायचं हत्यार). पण धार आदल्या दिवशी लावून ठेवा. सागात सिलिका असते, ती धार लवकर खाते. हार्ड मेपल कठीण, जांका या लाकडाच्या कठीणपणाच्या मापात १४५०, तर काळा अक्रोड १०१०. दोन्हींवरून पॉलिश पेपर बोटांनी फिरवलात तर मऊ लाकूड जास्त झिजून जोडावर लाट पडते. कागदाखाली सपाट ठोकळा हवाच. शिवाय गडद लाकडाचा भुसा फिक्या लाकडाच्या छिद्रांत बसून ते मळकट करतो, म्हणून शेवटचा हात स्क्रेपरने (खरवडायच्या पोलादी पात्याने) द्या, आणि ब्लोअर किंवा व्हॅक्यूम हाताशी ठेवा. मास्क तर लागेलच. १९९५ मध्येच लाकडाच्या भुशाची नोंद माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत झाली आहे.

पायांना आतापासूनच आकडे द्या. आठ पाय सारखे दिसतात आणि कोणत्या खाचेत कोणतं कुसू (खाचेत शिरणारं टोक) तासून बसवलं ते तासाभरात विसरतं. गम लावण्याआधी सगळं कोरडंच जुळवून क्लॅम्प आवळा, दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे नसतील तर आत्ताच दुरुस्त करा. पांढरा गम पाच-दहा मिनिटांत धरायला लागतो. तेव्हा गुण्या शोधत बसायची वेळ नसते. ओक असेल तर लोखंडी क्लॅम्पखाली मेणकागद घाला. त्यातल्या टॅनिनला ओला गम आणि लोखंड मिळालं की काळा डाग पडतो आणि तो पटकन निघत नाही. साग तेलकट असतो, जोडाच्या बाजू गम लावायच्या आधी ॲसिटोनने पुसून घ्या.

फिनिश कोणतं द्यायचं ते दोन्ही लाकडं चिकटवलेल्या एका टाकाऊ तुकड्यावर आधी ठरवा, कारण एकाच तेलाने अक्रोड खुलतो आणि मेपल पिवळट होऊ शकतं. अळशीचं तेल वापरणार असाल तर फडकी चुरगळून कोपऱ्यात फेकू नका. ती सुकताना तापतात आणि आपोआप पेटू शकतात. उघड्या जागी एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्याने भरलेल्या डब्यात टाका. डबा आत्ताच भरून ठेवा.