घासून चकचकीत केलेला हेडलाइट पुन्हा पिवळा का पडतो?

आपण हेडलाइटची 'काच' म्हणतो खरं, पण आजच्या बहुतेक गाड्यांत ती पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची असते. कारखान्यातच तिच्यावर अतिनील किरण अडवणारा कडक थर चढवलेला असतो. उन्हाने तो थरच पिवळा पडून सोलवटतो. म्हणजे आपण घासतो तो मळ नाही, संपलेला थर आहे. टूथपेस्टने आलेली चमक टिकत नाही ती याचमुळे.

घासायच्या आधी लेन्सवर पाणी मारून बघा. ओली असेपर्यंत स्वच्छ दिसली तर दोष बाहेरचा आहे, काम होईल. थेंब किंवा वाफ आतल्या बाजूला असेल तर सील गेलंय, तिथे कितीही घासलंत तरी उपयोग नाही.

सगळ्यात जास्त काम बिघडतं ते सँडपेपरचे (घासायच्या खरखरीत कागदाचे) नंबर गाळल्यामुळे. नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक. ८०० ने घासलं आणि थेट २००० घेतला, तर ८०० चे चरे तसेच राहतात. पाण्याखाली ते दिसत नाहीत, वाळलं की उघडे पडतात. मीही या ओल्या चकाकीला एकदा फसलोय, रात्री दिवा लावल्यावर सगळे चरे समोर! ८००, १०००, १५००, २०००, ३००० असा क्रम धरा. एक नंबर आडवा, पुढचा उभा. मागच्या रेघा पूर्ण गेल्या की मगच पुढे जायचं, आणि दर वेळी पुसून, वाळवून बघायचं. पहिल्या पेपरनंतर लेन्स आधीपेक्षा वाईट, सरसकट दुधी दिसते. तिथे घाबरून थांबू नका. मधेच चकचकीत बेटं दिसत असतील तर जुना थर शिल्लक आहे, पुन्हा ८०० वर या. सुरुवातीला निघणारं पिवळट पाणी पांढरं झालं की थर निघाला समजा.

पेपर सतत ओला हवा, पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका. कोरडा पेपर चोंदतो आणि अडकलेला कण खोल चरा पाडतो. भोवतालच्या रंगावर मास्किंग टेप दुहेरी लावा, कडेला हात घसरतोच.

बफिंग मशीन (पॉलिश करायचं फिरतं यंत्र) एका जागी धरून ठेवलं तर प्लास्टिक तापतं आणि खराब होतं, म्हणून वेग कमी ठेवून ते फिरवत राहा. पुसायला थिनर किंवा अ‍ॅसिटोन मुळीच नको, त्याने बारीक तडे जातात आणि ते परत भरत नाहीत. आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं.

आता खरी मेख. यूव्ही कोटिंग, म्हणजे अतिनील किरण अडवणारा नवा थर, न देता सोडलं तर उघडं प्लास्टिक काही महिन्यांत पुन्हा पिवळं पडतं. वॅक्स हा त्याला पर्याय नाही. स्प्रेचा क्लिअर कोट (पारदर्शक थर) मारणार असाल तर ३००० पर्यंत जाऊन कंपाउंडने (पॉलिशच्या पेस्टने) आरसा करू नका, गुळगुळीत पृष्ठभागाला तो नीट धरत नाही. कोणत्या नंबरवर थांबायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. बारीक चरे तो कोटच भरून काढतो. हाताने पुसून लावायचं कोटिंग असेल तर पॉलिश आधी, आणि त्याचं तेल पूर्ण पुसून मग कोटिंग.

स्प्रेचा ओघळ आला तर ओला असताना बोट लावू नका. पूर्ण सुकू द्या, मग फक्त ओघळावर २००० चा ओला पेपर आणि हलकं पॉलिश.