रंगाआधी प्रायमर : कुठला घ्यायचा आणि कसा मारायचा

दसरा-दिवाळीच्या तोंडावर रंगकाम काढलं की दुकानात सगळा वेळ शेडकार्ड चाळण्यात जातो. प्रायमर मात्र ‘द्या चांगला बघून’ एवढ्यावरच घेतला जातो. खरं तर रंगाचं आयुष्य प्रायमर ठरवतो. रंग आवडीने निवडा, पण प्रायमर निवडताना एकच प्रश्न विचारा : हा बसणार कशावर? सिमेंटची भिंत पाणी शोषते आणि तिच्यात क्षार असतात, लोखंडाला गंज चढतो, लाकूड फुगतं आणि आक्रसतं. त्यामुळे तिन्हींचा डबा वेगळा.

आधी तपासणी

जुन्या भिंतीवरून तळहात जोरात फिरवा. पांढरी भुकटी हाताला लागली तर जुना चुना किंवा डिस्टेंपर सुटत आहे. तो खरवडून आणि ओल्या फडक्याने पुसून काढल्याशिवाय प्रायमरला धरायला जागाच मिळत नाही. जिथे रंग घट्ट वाटतो तिथे सेलोटेप दाबून लावा आणि झटक्यात ओढा. टेपबरोबर पापुद्रे आले तर तो भागही खरवडायचा.

तिसरी तपासणी ओलीची. आपल्याकडे रंगकाम पावसाळा संपता संपता निघतं आणि भिंतीने चार महिने प्यायलेलं पाणी तोवर बाहेर पडलेलं नसतं. हातभर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने भिंतीवर चिकटवा आणि एक दिवस राहू द्या. आतल्या बाजूला थेंब जमले किंवा भिंत गडद दिसली, तर काम थांबवा. ओल गच्चीतून येते आहे की संडास-बाथरूमच्या पाइपातून, ते शोधा आणि आधी ते दुरुस्त करा. ओलीवर प्रायमर हा इलाज नाही. वरून कितीही हात मारले तरी पोपडे येणारच.

भिंत

नव्या प्लास्टरला पाणी मारून झाल्यावर ते वाळू द्यावं लागतं. किमान २८ दिवस धरा, दमट हवेत त्याहून जास्त. घाई केली तर काय होतं ते समजून घ्या. सिमेंटमध्ये चुना असतो, म्हणजे अल्कली. तेलावर आधारलेला रंग किंवा प्रायमर ओलसर ताज्या प्लास्टरवर मारला की ही अल्कली त्यातल्या तेलाचा अक्षरशः साबण करते. थर चिकट होतो आणि भिंतीपासून सुटतो. म्हणून आतल्या भिंतींना पाण्यात पातळ होणारा सिमेंट प्रायमर घ्या आणि बाहेरच्या भिंतींना डब्यावर अल्कलीरोधक असं लिहिलेला एक्स्टीरिअर प्रायमर.

पुट्टी आधी की प्रायमर आधी, यावर रंगाऱ्यांमध्येही वाद होतात. उत्तर पुट्टीवर अवलंबून आहे. व्हाइट सिमेंटची पुट्टी थेट प्लास्टरवरच लावायची, तीही भिंत थोडी ओलसर करून, कारण ती सिमेंटला सिमेंट म्हणून धरते. मध्ये प्रायमर आला तर ही पकड तुटते. तिचे दोन पातळ हात द्यावेत, एकूण जाडी दीड मिलिमीटरच्या आत ठेवावी. ती पूर्ण वाळल्यावर घासून मग प्रायमर. डब्यात तयार मिळणाऱ्या अॅक्रिलिक पुट्टीचा क्रम मात्र वेगळा : प्रायमर, पुट्टी, पुन्हा प्रायमर. पुट्टीवरचा प्रायमर वाचवू नका. कोरडी पुट्टी रंगातलं पाणी शोषून घेते आणि भिंतीवर कुठे मंद, कुठे चमकदार असे चट्टे उठतात.

स्वयंपाकघरात जुना ऑइलपेंट असेल तर त्यावर पाण्याचा प्रायमर टिकत नाही. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा धुवा, स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसा, वाळू द्या. मग पॉलिश पेपरने घासून चमक पूर्ण मारा आणि जुन्या ऑइलपेंटवर चालणारा प्रायमर मागून घ्या.

प्रायमर मारण्याची रीत साधी आहे. डबा तळापासून ढवळा, कारण जड भाग खाली बसलेला असतो. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच घाला. माल पुरवायला दुप्पट पाणी ओतलेला प्रायमर भिंतीला नुसता पांढरा करतो, बांधत नाही. आधी कोपरे आणि कडा ब्रशने घ्या, मग मोकळी भिंत रोलरने वरून खाली. १० बाय १२च्या, १० फूट उंचीच्या खोलीत दारं-खिडक्या वजा जाता छतासकट साधारण ५०० चौरस फूट भरतात. लिटरला १०० चौरस फूट धरून हिशेब करा, खडबडीत भिंत जास्त पिते. वाळल्यावर २२० नंबरच्या पेपरने हलका हात फिरवा, धूळ पुसा, मग रंग.

लोखंड

ग्रिल आणि गेटसाठी रेड ऑक्साइड हा नेहमीचा आणि चांगला पर्याय आहे. काम बिघडतं ते तयारीत. सुटलेला गंज पत्रीने (खरवडायच्या पात्याने) आणि तारेच्या ब्रशने काढा, मग एमरी पेपर, मग थिनरच्या फडक्याने तेलकटपणा. साफ केलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवू नका, त्याच दिवशी पहिला हात द्या. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात समुद्राजवळ राहत असाल तर घासण्याआधी ग्रिल गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा. मीठ प्रायमरखाली अडकलं की ते ओलावा ओढत राहतं आणि गंज आतून फुटतो. वेल्डिंगच्या जोडांवर आणि धारदार कडांवर थर पातळ बसतो, म्हणून तिथे ब्रशने एक जादा हात द्यायचा.

रेड ऑक्साइड म्हणजे शेवटचा रंग नव्हे. फॅब्रिकेटर एक हात मारून गेट बसवून जातो आणि ते तसंच पावसात भिजतं, हे चित्र गावोगाव दिसतं. त्यातून पाणी झिरपतं. काही दिवसांतच वर एनॅमल, म्हणजे ऑइलपेंट, चढलं पाहिजे.

गॅल्व्हनाइज्ड पत्रा आणि पाइप ही वेगळी जात आहे. वर जस्ताचा थर असतो आणि नेहमीच्या तेलाच्या प्रायमरशी त्याचं ताज्या प्लास्टरसारखंच होतं : साबण बनतो आणि रंगाचे सालपट निघतात. त्यावर एच (etch) प्रायमर, म्हणजे पृष्ठभाग किंचित कोरून पकड घेणारा प्रायमर लागतो. अॅल्युमिनियमलाही तोच. पिवळा झिंक क्रोमेट अजून मिळतो, पण त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे. घरात तो वापरू नये, झिंक फॉस्फेटचा घ्यावा.

घासण्याबद्दल एक कळकळीची सूचना. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. जुनी दारं आणि ग्रिल कोरडी घासू नका. वॉटर पेपर भिजवून घासा, मास्क लावा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीत येऊ देऊ नका. खाली पडलेला चुरा झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने गोळा करा.

लाकूड

पॉलिश करायचं असेल तर प्रायमर नकोच, तिथे लाकडाची छिद्रं बुजवणारा सँडिंग सीलर. ऑइलपेंट देणार असाल तरच वुड प्रायमर. रेषेच्या दिशेने घासा, आडवं घासलं तर ओरखडे रंगातूनही दिसतात. सागवान तेलकट असतं, म्हणून प्रायमरआधी थिनरने पुसा. गाठींवर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्या लाखेचा हात दिला की त्यातला चीक वर येऊन डाग पडत नाही. प्रायमरचा एक हात, मग लांबी (खाचा-भोकं बुजवायचा लगदा) भरून घासणं, मग दुसरा हात.

दाराची खालची कड जवळजवळ नेहमी कोरी राहते, कारण ती दिसत नाही. लाकडाची उभी नस तिथे कापलेली असते आणि पाणी ती नळीसारखी वर ओढते. बाथरूमचं दार तळापासून कुजतं ते यामुळे. दार बिजागरीतून उतरवा, आडवं ठेवा आणि खालच्या-वरच्या दोन्ही कडांना प्रायमरचे दोन भरपूर हात द्या. सुतार नवं दार बसवायला येणार असेल तर हे त्याच्या आधीच करून ठेवा.